चित्रपट चालू असताना बोलणाऱ्या आणि फोन पाहणाऱ्या प्रेक्षकांना कसे आवरावे?

तिसरी_रांग (धागाकर्ता)

थिएटरात जाऊन चित्रपट पाहण्याची मला मनापासून आवड आहे आणि ती सोडण्याचा माझा विचार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण "घरी मोठा टीव्ही घ्या" हा सल्ला नातेवाइकांकडून पुरेसा मिळालेला आहे. अडचण अशी की अलीकडे आसपासच्या प्रेक्षकांमुळे चित्रपटात मन लागणेच कठीण होत चालले आहे. मागच्या आठवड्यात पाठच्या रांगेतील एक गृहस्थ आपल्या सोबत्याला प्रत्येक प्रसंग समजावून सांगत होते, आणि तोही पडद्यावर घडण्याच्या किंचित आधी, कारण त्यांनी तो चित्रपट बहुधा पूर्वी पाहिलेला होता. समोर बसलेला एक तरुण फोन मांडीवर घेऊन मेसेज वाचत होता. उत्तर लिहून झाले की फोन पालथा ठेवायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा सरळ करायचा.

मागे वळून विनंती केली तेव्हा "आम्हीही तिकीट काढूनच आलो आहोत" असे उत्तर मिळाले. मग बाहेर जाऊन कर्मचाऱ्याला बोलावले. तो टॉर्च घेऊन आला, दारापाशी क्षणभर उभा राहिला, सगळे शांत दिसले म्हणून निघून गेला, आणि त्याच्या पाठीमागे दार लागताच समालोचन पुन्हा सुरू झाले.

बोलायचे असेल तर केव्हा आणि कोणत्या शब्दांत बोलावे? स्वतः बोलावे की थेट कर्मचाऱ्यांकडे जावे? आणि त्यांनीही काही केले नाही तर पैसे परत मागणे रास्त आहे का? ज्यांना या बाबतीत खरोखर यश आले आहे, त्यांनी अवश्य लिहावे.

उजेड_अंधार

पहिली गोष्ट म्हणजे, आपण उगाच चिडचिड करतो आहोत असे वाटून घेऊ नका. डिजिटल सिनेमाच्या मानकानुसार पडद्यावरचा अगदी पांढराशुभ्र भाग चौरस मीटरला 48 कॅन्डेला (उजेड मोजण्याचे एकक) इतकाच उजळ असतो आणि रात्रीच्या प्रसंगात तर पडदा त्याच्या कितीतरी खाली असतो. उलट साधा फोनसुद्धा पूर्ण ब्राइटनेसवर चारशे-पाचशे कॅन्डेला सहज गाठतो. म्हणजे तुमच्या समोरच्या रांगेत, तुमच्या आणि पडद्याच्या मध्ये, पडद्याच्या दसपट तेजाचा एक तुकडा उघडतो आणि मिटतो. नजरेच्या कडेला झालेली हालचाल आणि उजेडातला बदल डोळा आपोआप टिपतो. तिकडे पाहायचे नाही असे कितीही ठरवले तरी लक्ष जातेच. सतत चालू राहिलेल्या दिव्याची एक वेळ सवय होते, पण पालथा-सरळ होणाऱ्या फोनची होत नाही, आणि आपण वर्णन केलेला तरुण नेमके तेच करत होता.

गंमत अशी की फोन पाहणाऱ्याला यातले काहीच जाणवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो "आवाज न करता" बसलेला असतो. म्हणून त्याच्याशी बोलताना शिस्तीचा विषय काढण्यापेक्षा उजेडाचा काढावा, असे माझे मत आहे. "चित्रपटात फोन पाहू नका" हे वाक्य ऐकणाऱ्याला शिकवणी वाटते आणि तो अडून बसतो. "आपल्या फोनचा उजेड थेट माझ्या डोळ्यांवर येतो आहे, जरा बंद करता का?" या वाक्यात त्याच्या वागण्यावर शेरा नसतो, फक्त एक माहिती असते, जी त्याला बहुतेक वेळा खरोखरच नसते. काही जण तेवढ्याने ब्राइटनेस कमी करून पाहत राहतात, तो अर्धा विजय मानावा.

बोलणाऱ्यांच्या बाबतीत असा काही तांत्रिक उपाय मला सुचत नाही. कुजबुजीतले स, श, च हे वर्ण शांत प्रसंगात बरेच लांब ऐकू जातात, त्यामुळे "हळू बोला" असे सांगून काही साधत नाही. थांबायलाच सांगावे लागते.

जुना_डोअरकीपर

मी काही वर्षे एका थिएटरात दारावर काम केलेले आहे, त्यामुळे आतली बाजू सांगतो. तो कर्मचारी टॉर्च घेऊन आला आणि परत गेला, यात त्याचा आळस असेलही, पण बहुतेक वेळा काय घडते ते पाहा. दार उघडले की बाहेरचा उजेड आत येतो. बोलणारे गप्प होतात, फोनवाला फोन खिशात घालतो, आणि कर्मचाऱ्याला दिसतात ती पडद्याकडे पाहणारी शंभर शहाणी डोकी. "कोणीतरी मागे बोलत आहे" एवढ्या माहितीवर तो कोणाला काय सांगणार? म्हणून तक्रार करताना रांगेचे अक्षर आणि खुर्चीचा अंदाजे क्रमांक सांगावा, मी स्वतः एकदा विनंती करून पाहिली आहे हेही सांगावे, आणि दारातून डोकावून न जाता आत येऊन मागच्या भिंतीपाशी पाच मिनिटे उभे राहण्याची विनंती करावी. अंधारात मागे कोणी उभे आहे हे कळत नाही आणि मग समालोचन आपोआप त्याच्या कानावर पडते. त्यानंतर तो जे बोलतो ते स्वतः ऐकलेल्याच्या जोरावर बोलतो, आणि त्या बोलण्याला वजन येते.

दुसरे असे की आत काय चालले आहे हे आम्हाला कळते, असा प्रेक्षकांचा समज असतो. पूर्वी रिळे बदलण्यासाठी प्रोजेक्टरच्या खोलीत माणूस बसलेला असे आणि खिडकीतून त्याची नजर हॉलवर जात असे. डिजिटल प्रोजेक्टर आल्यापासून शो ठरल्या वेळी आपोआप सुरू होतो आणि त्या खोलीत बहुधा कोणीच नसते. एका वेळी अनेक पडदे आणि दारावर मोजकी माणसे, अशी परिस्थिती असते. तुम्ही सांगितले नाही तर आम्हाला खरोखर पत्ता नसतो.

वेळेबद्दल माझे ठाम मत आहे: त्रास सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच बोलावे. लोक तासभर सोसतात, मनात वाफ कोंडून घेतात आणि मग पहिलेच वाक्य असे काढतात की समोरच्याला भांडणाशिवाय मार्ग उरत नाही. शिवाय सुरुवातीला मॅनेजरच्या हातात बरेच काही असते. तो तुमची जागा बदलून देऊ शकतो, त्रास देणाऱ्यांना ताकीद देऊ शकतो, बाहेर काढू शकतो, किंवा तुम्हाला दुसऱ्या शोचे तिकीट देऊ शकतो. चित्रपट संपत आल्यावर यातले फारसे काही शक्य राहत नाही.

निवांत

इतका खटाटोप करण्यापेक्षा गर्दी नसलेल्या दिवशी सकाळचा शो पाहावा आणि काठाची खुर्ची घ्यावी, म्हणजे उठून दुसरीकडे बसता येते. मी वर्षानुवर्षे असेच करतो आणि माझे कोणाशीही भांडण झालेले नाही.

काठावरची_खुर्ची

निवांत, आपला उपाय चालतो, पण ज्यांना सुटीच्याच दिवशी वेळ मिळतो त्यांनी काय करावे? शिवाय नियम पाळणाऱ्यानेच दर वेळी उठून जायचे, हे मला पटत नाही.

मला कुतूहल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. दोनशे माणसांना एकाच माणसाचा त्रास होत असताना दोनशेही गप्प का बसतात? बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. प्रश्नावली भरत बसलेल्या माणसाच्या खोलीत हळूहळू धूर सोडण्यात आला. खोलीत तो एकटा असेल तर 75 टक्के लोकांनी बाहेर जाऊन कळवले. परंतु मुद्दाम निर्विकार बसवलेली दोन माणसे सोबत असतील तर फक्त 10 टक्क्यांनी. बाकीच्यांना काही वाटत नाही असे दिसले, की आपल्यालाही काही वाटू नये असे माणूस स्वतःला समजावतो. थिएटरात तर सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला असतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरचा वैताग दिसण्याचीही सोय नसते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की एकट्याने मागे वळून बोलण्याआधी शेजारच्या अनोळखी माणसाला हलकेच विचारावे, "आपल्यालाही त्रास होतो आहे का?" बहुतेक वेळा उत्तर लगेच येते. दोघांनी मिळून केलेली विनंती ही एका तिरसट माणसाची कटकट राहत नाही, आणि कर्मचाऱ्याकडे दोघे गेले तर तोही अधिक गांभीर्याने घेतो.

मात्र विनंती एकदाच करावी. उत्तर उद्धट आले, समोरचा मद्य घेऊन आलेला दिसला, किंवा चार-पाच जणांचा गट असला, तर तिथेच थांबावे. 2014 च्या जानेवारीत अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ट्रेलर चालू असतानाच फोनवरून वाद झाला. तक्रार करणारा गृहस्थ मॅनेजरकडे जाऊन परतही आला होता. त्यानंतर पुन्हा बाचाबाची झाली आणि त्याने झाडलेल्या गोळीने समोरच्या प्रेक्षकाचा जीव गेला. हे टोकाचे उदाहरण आहे, हे मान्य. पण तक्रार करून आल्यावर पुन्हा त्याच खुर्चीत, त्याच माणसाच्या मागे बसून दुसरी फेरी सुरू होणे, हे मात्र मुळीच दुर्मीळ नाही. म्हणून तक्रारीसोबत जागा बदलून मागणे हे मला माघार घेण्याचे लक्षण वाटत नाही.

आई_प्रेक्षक

एक वेगळी बाजू मांडते. माझा मुलगा स्वमग्न आहे. आनंद झाला की तो मोठ्याने आवाज काढतो, हात हलवतो, कधी उठून उभा राहतो. लोक मागे वळून पाहतात तेव्हा प्रत्येकाला समजावून सांगणे शक्य नसते आणि अंधारात तर नाहीच. काही देशांत अशा मुलांसाठी वेगळे शो असतात. अमेरिकेतील एएमसी या थिएटरांच्या साखळीने 2007 मध्ये ते सुरू केले. त्यांत दिवे अर्धवट चालू ठेवतात, आवाज कमी ठेवतात आणि मुलांना हिंडण्या-फिरण्याची मुभा असते. जिथे ती सोय नाही तिथे आम्ही दाराजवळच्या खुर्च्या घेतो आणि गरज पडली की बाहेर जातो.

माझी विनंती इतकीच, की पहिले वाक्य प्रश्नार्थक असू द्यावे. "काही अडचण आहे का?" असे कोणी विचारले तर मला दोन शब्दांत उत्तर देता येते. "गप्प बसवता येत नाही का त्याला?" असे विचारले तर उत्तर देण्यासारखे काही उरत नाही. तसेच भीतीच्या प्रसंगी निघालेली किंकाळी, विनोदावर पिकलेला हशा, शेवटच्या टाळ्या यांची गणना कृपया त्रासात करू नये. मोठ्या पडद्यासमोर एकत्र बसण्याचे ते एक कारण आहे.

तिसरी_रांग (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. खुर्चीचा क्रमांक सांगण्याची आणि कर्मचाऱ्याला मागे उभे करण्याची युक्ती मला सुचली नसती. आई_प्रेक्षक, आपला मुद्दा पूर्ण मान्य आहे. माझी तक्रार ज्यांना थांबता येत असूनही थांबायचे नसते त्यांच्याबद्दल आहे.

तरीही एक शंका उरते. थिएटरवाले स्वतःहून कडक का होत नाहीत? फोनचे सिग्नलच अडवणारी यंत्रे का बसवत नाहीत?

उजेड_अंधार

सिग्नल अडवणारी जॅमर यंत्रे खासगी जागेत वापरण्यास अनेक देशांत कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. आत एखाद्याच्या छातीत दुखू लागले तर रुग्णवाहिकेला फोन लागला पाहिजे. शिवाय खेळ खेळणाऱ्याचा किंवा साठवलेले फोटो पाहणाऱ्याचा उजेड त्याने थांबणार नाही.

कडकपणाचे म्हणाल, तर तो धंद्याच्या हिशेबावर ठरतो. अमेरिकेतील ॲलामो ड्राफ्टहाउस ही साखळी बोलण्याच्या आणि मेसेज करण्याच्या बाबतीत कठोर म्हणून ओळखली जाते: एकदा ताकीद, नंतर बाहेर, आणि पैसे परत नाहीत. 2011 मध्ये तिथून बाहेर काढलेल्या एका प्रेक्षकाने फोनवर संतापून निरोप ठेवला, तेव्हा त्यांनी नाव न सांगता तोच निरोप चित्रपटाआधीच्या सूचनेत वाजवला आणि नियमाची मोठी जाहिरात झाली. त्या साखळीत तक्रार कागदाच्या चिठ्ठीवर लिहून खुर्चीसमोर उभी करून ठेवण्याची पद्धत होती, म्हणजे उठून जावे लागत नाही आणि कोणाशी तोंड उघडून बोलावेही लागत नाही. मला नियमापेक्षा ही चिठ्ठीच अधिक मोलाची वाटते. उलट 2016 मध्ये एएमसीच्या प्रमुखांनी काही सभागृहांत मेसेज करण्यास परवानगी देण्याची कल्पना बोलून दाखवली आणि प्रेक्षकांचा विरोध पाहून काही दिवसांतच मागे घेतली. म्हणजे प्रेक्षकांचे ऐकले जाते, फक्त ते तिकिटाच्या खिडकीपर्यंत पोहोचावे लागते.

जुना_डोअरकीपर

पैसे परत मागण्याचा प्रश्न राहून गेला. मागणे रास्त आहे, पण संपूर्ण चित्रपट पाहून झाल्यावर मागितले तर "आपण शेवटपर्यंत बसला होतात" हे उत्तर मॅनेजरकडे तयार असते. परतावा किंवा दुसऱ्या शोचे तिकीट हवे असेल तर शो चालू असतानाच, कर्मचारी एकदा येऊन गेल्यावरही त्रास थांबला नाही त्या वेळी, तिकीट हातात घेऊन मॅनेजरला भेटावे. दारावरच्या माणसाला तो निर्णय घेता येत नाही, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यात वेळ जातो.

तेव्हा जमले नाही तर दुसऱ्या दिवशी लेखी कळवावे. पडद्याचा क्रमांक, शोची वेळ, रांग, कर्मचाऱ्याला किती वाजता सांगितले आणि त्यानंतर काय झाले, एवढे चार-पाच ओळींत लिहिले की पुरे. त्यात प्रेक्षकांच्या ढासळत्या संस्कारांवर परिच्छेद असला तर तक्रार वाचणारा तिथेच थांबतो, हे मी पाहिलेले आहे. आणि एखाद्या कर्मचाऱ्याने खरोखर मदत केली असेल तर त्याचाही उल्लेख जरूर करा. आमच्याकडे मागे जाऊन पाच मिनिटे उभे राहणाऱ्याला "दार सोडून कुठे गेला होतास?" असेच विचारले जात असे.