सोयाबीनचा भाव पडलेलाच होता, मग मतदान उलटं कसं फिरलं?

बांधावरचा_लातूरकर
बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून विचारतो. २०२४ च्या लोकसभेला महायुतीला ४८ पैकी १७ च जागा, आमच्या मराठवाड्यात तर पार धुव्वा. नोव्हेंबरात विधानसभा आली तेव्हा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ आणि आडतीवर ४०००-४२०० च्या आसपास, त्यात ओलं आहे म्हणून अजून कापायचे. म्हणजे भाव काय सुधारला नव्हता, तरी एकट्या भाजपच्याच १३२ जागा. शेतकरी खिसा बघून मत देतो म्हणतात ना, मग हे काय?

कांदाचाळ
सोयाबीनचं माहीत नाही, नाशिकचं सांगतो. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी केली, ऐन लाल कांदा निघायच्या वेळी. मे मध्ये उठवली पण ४०% शुल्क ठेवून, मग लोकसभेला दिंडोरीत केंद्रात मंत्री असलेल्या भारती पवार पडल्या. सप्टेंबरात शुल्क २०% वर आणलं आणि विधानसभेच्या टायमाला कांद्याला भाव पण बरा होता, तोवर राग निवला होता लोकांचा.

सुगरण७७
दादा तुम्ही खिसा म्हणताय तो कोणाचा? सोयाबीनची पट्टी आमच्या ह्यांच्या खात्यावर येते, त्यातून दुकानदाराची खत-बियाण्याची उधारी गेली की संपली, मला त्यातलं काय दिसतच नाही. लाडक्या बहिणीचे १५०० माझ्या खात्यावर आले. राखीला दोन हप्ते एकदम, मग एक, दिवाळीच्या आधी परत दोन, मतदानापर्यंत ७५०० झाले. पहिल्यांदा बँकेत आधार लिंक करायला गेले तर अर्धं गाव लायनीत. त्यातून मी पोरीची सायकल घेतली, कोणाला न विचारता. तेल त्याच काळात महागलं हेही खरंय, बोंब मारतच होतो आम्ही.

उगाच_एक
पण मविआ तर ३००० देणार होती, महायुती २१०० च म्हणाली. पैशावरच असतं तर ३००० ला जायला पाहिजे होतं ना? जरांगे फॅक्टर, बटेंगे तो कटेंगे वगैरे सगळं विसरलात का

सुगरण७७
३००० कागदावर होते हो. १५०० चा मेसेज मोबाईलवर आलेला.

बांधावरचा_लातूरकर
ताईंचं वाचून आईला फोन लावला, लोकसभेला आमच्या घरातली चारही मतं एकीकडं होती. विधानसभेला तू कुणाला दिलंस म्हणलं तर म्हणाली तुला काय करायचंय, जेवलास का.