मायकल हफिंग्टन नेमके कोण?

प्रश्न: तेलवाले, खासदार की सिनेमावाले? प्रत्येक ठिकाणी वेगळंच वाचतोय.

उत्तर: तिन्ही! वडिलांची हफको कंपनी, इंडोनेशियातला नैसर्गिक वायू. १९९० मध्ये ती तैवानच्या सरकारी कंपनीला विकली. १९९२ ला कॅलिफोर्नियातून अमेरिकी संसदेत खासदार, तेही स्वपक्षाच्याच विद्यमान खासदाराला प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) पाडून.

उत्तर: खरी गंमत १९९४ ची. सिनेटसाठी (अमेरिकी संसदेचं वरचं सभागृह) घरचे सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर ओतले, तरी तेव्हाच्या सिनेटर डायान फाइनस्टाइननी दोनेक टक्क्यांनी हरवलं. मला निवडणूक खर्चाचे आकडे वाचायचं वेडच आहे, पण हा वाचून दोनदा शून्यं मोजली. त्यात बेकायदा स्थलांतरितांविरुद्ध भाषणं ठोकत होते आणि मुलांना सांभाळणारी बाईच कागदपत्रांविना निघाली!

प्रश्नकर्ता: अरेरे. आणि सिनेमा?

उत्तर: तो नंतर. माहितीपटांना पैसे लावले.