मदत हवी आहे: कथकनंतर कंटेम्पररी शिकायचंय, पण जमिनीवर पडताना अंग आखडतं

नमस्कार मंडळी,

वय ३६, मुक्काम सांगली. शाळा-कॉलेजात कथक शिकले, मध्यमा पूर्णपर्यंत (म्हणजे मधल्या पातळीपर्यंत) परीक्षा दिल्या. मग नोकरी, लग्न, मुलगी. कॉलेजात असताना अस्ताद देबूंचं कंटेम्पररी, म्हणजे शास्त्रीय चौकटीबाहेरचं आजच्या काळातलं नृत्य पाहिलं होतं. कथक आणि कथकली शिकलेला हा माणूस एक हात वर न्यायला इतका वेळ घ्यायचा की बघताना आपलाच श्वास अडकायचा. तेव्हापासून हे शिकायचं मनात होतं.

गेल्या महिन्यात पुण्यात कंटेम्पररीची दोन दिवसांची कार्यशाळा केली. आधीची तयारी लागत नाही असं सांगितलं होतं. पहिला तास छान गेला. मग जमिनीवरचं काम सुरू झालं: उभ्याने गुडघे वाकवत खाली जायचं, मांडीवरून पाठीवर लोळायचं, दुसऱ्या कुशीवरून उठायचं. बाकीचे सहज खाली जात होते, मी दर वेळी धप्पकन आदळत होते. उजव्या खुब्यावर आणि डाव्या गुडघ्यावर अजून हिरवट डाग आहेत. सर एकच सांगत होते, "वजन सोडा." पण आमच्या बाईंनी दहा वर्षं पाठ ताठ, छाती वर, पायाचा तळवा पूर्ण वाजला पाहिजे, हेच अंगात मुरवलंय. वजन सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

कथकची सवय आड येते का? घरात फरशी आहे, तिथे सराव चालेल का? मोजे घालू की अनवाणी? इकडे बॉलीवूड आणि झुंबाचे क्लास आहेत, निव्वळ कंटेम्पररीचा मला सापडला नाही.

प्रतिसाद १

ताई, मी भरतनाट्यममधून इकडे आले, माझंही हेच झालं होतं. उंचावरून पडायचं नसतंच, आधी जमिनीजवळ जायचं. घोटा, गुडघा, खुबा या क्रमाने वाका, बूड जमिनीपासून वीतभर राहिलं की मगच टेका. टेकायचं ते मांसल भागावर, म्हणजे नितंब आणि मांडीची बाहेरची बाजू. गुडघा आणि खुब्याचं हाड कधीच आधी नाही. खाली जाताना श्वास सोडा. आपण घाबरून तो धरून ठेवतो आणि अंग लाकूड होतं. अमेरिकन आधुनिक नर्तकी मार्था ग्रॅहमच्या पद्धतीतही श्वास सोडताना पोट आत खेचलं जातं, सगळी हालचाल तिथून निघते.

फरशीवर उड्या अजिबात नकोत. खाली सिमेंट असतं, सगळा धक्का गुडघ्यांना बसतो. लोळण्याचा सराव जाड सतरंजीवर करा, पण ती सरकत नाही ना बघा. पाय अनवाणी, पँट आणि बाह्या पूर्ण, नाहीतर कातडी सोलवटते. व्हॉलीबॉलवाले वापरतात ते गुडघ्याचे पॅड घ्या. डाग जाईपर्यंत त्या बाजूने लोळू नका. गुडघा सुजला किंवा वाकवताना दुखला तर आधी डॉक्टरांना दाखवा.

कथक टाकून देऊ नका. नृत्यरचनाकार चंद्रलेखा भरतनाट्यममधूनच आल्या होत्या, त्याला योग आणि कळरीपयट्टू या केरळच्या युद्धकलेची जोड देऊन त्यांनी आपली वाट काढली. तुमची लयीची जाण इथे फार उपयोगी पडेल.

धागाकर्ती

मनापासून आभार. डाव्या कुशीने सतरंजीवर करून पाहिलं. श्वास सोडत गेले तर सहाव्या वेळी आपटल्याचा आवाजच आला नाही! पॅड मागवलेत. पुणे किंवा कोल्हापुरात फक्त रविवारी शिकवणारं कोणी माहीत असेल तर नक्की कळवा.