'ट्रिगर'ला मराठीत काय म्हणावं? (आणि 'प्री-अरेंज्ड फायनान्स'ला?)

शंकेखोर :
जमैकाच्या आपत्ती रोख्यांवर मराठीत लिहिते आहे, दोन शब्दांवर गाडी अडली. 'प्री-अरेंज्ड फायनान्स' म्हणजे आपत्ती येण्याआधीच ठरवून ठेवलेला पैसा, पण 'पूर्वनियोजित वित्तपुरवठा' लिहिलं तर वाचणारा तिथूनच पळेल. आणि 'ट्रिगर'?
संदर्भ देते. २०२४ मध्ये जमैकाने जागतिक बँकेमार्फत १५ कोटी डॉलरचे रोखे काढले. गुंतवणूकदार पैसे आधीच भरून ठेवतात आणि व्याज खातात. चक्रीवादळाच्या केंद्रातला हवेचा दाब ठरलेल्या टापूत ठरलेल्या आकड्याखाली गेला, की मुद्दल जमैकाचं. त्या आकड्याला शब्द हवा आहे.

मोडीवाचक :
'कळ'. थट्टा करत नाहीये, महसूल खात्याने हा शब्द कधीच रुळवलाय. २०१८ च्या दुष्काळातले कागद काढून बघा : 'दुष्काळाची दुसरी कळ लागू झालेले तालुके'. पाऊस कमी झाला किंवा मोठा खंड पडला की पहिली कळ. मग पेरा, मातीतला ओलावा, उपग्रहावरून दिसणारी हिरवाई, पाणीसाठे हे सगळं तपासून दुसरी. तरीही पुढे निवडक गावांत जाऊन सत्यमापन करायचंच. जमैकाच्या रोख्यांत ती शेवटची पायरी नाही, दाबाचा आकडा आला की काम झालं.
त्याआधीची आपली जुनी कळ म्हणजे पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज. ५० पैशांच्या आत आली की सवलती सुरू. म्हणून तर ती ४९ की ५१ यावर एवढी भांडणं व्हायची.

रानजाई :
कळ पोटात येते, नाहीतर कुणीतरी काढतं. 'दुसरी कळ लागू' वाचून आमच्याकडे लोक हसले होते.
बागायतदाराला विचाराल तर तो 'प्रमाणके' म्हणेल. हवामान आधारित फळपीक विम्यात हाच शब्द आहे. आंब्याला अवेळी पाऊस किती मिलिमीटर, तापमान किती दिवस किती अंशांवर, हे आधीच छापलेलं असतं. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर तो आकडा नोंदला गेला की पैसे. कलमाखाली किती कैरी झडली ते बघायला कुणी येत नाही. केंद्र डोंगराच्या पलीकडे असेल तर मग नशीब! म्हणून माझा आग्रह, तुमच्या लेखात 'नुकसानभरपाई' लिहू नका. हे पैसे मोजमापावर मिळतात, नुकसानीवर नाही.

शंकेखोर :
हे फार कामाचं. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याला घासून गेलं. छपरं उडाली, शेती झोपली, पण दाब पुरेसा उतरला नव्हता, म्हणून रोख्यांतून एक डॉलर मिळाला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा पाचव्या श्रेणीचं होऊन थेट जमिनीवर चढलं, आणि पूर्ण १५ कोटी मिळाले. पहिल्या प्रकाराला इंग्रजीत 'बेसिस रिस्क' म्हणतात. 'आधार जोखीम' करू?

मोडीवाचक :
नको हो. त्याला आपल्याकडे 'निकषात बसलं नाही' म्हणतात, तलाठी कार्यालयाबाहेर रोज ऐकू येतं.
मलावीचं उदाहरण घालाच. २०१५-१६ चा दुष्काळ, आफ्रिकन रिस्क कपॅसिटी या आफ्रिकी देशांच्या विमा संस्थेकडे विमा उतरवलेला, हप्ता भरलेला. पण संगणकाच्या हिशेबात शेतकऱ्यांचा मका उशिरा येणाऱ्या वाणाचा होता आणि शेतात लवकर येणारा. त्यामुळे माणसं उपाशी आणि हिशेब म्हणतो सगळं ठीक. वाण दुरुस्त केल्यावर सुमारे ८० लाख डॉलर मिळाले, तेही फार उशिरा. पंचनाम्याला आपण कितीही नावं ठेवू, पण तलाठी बांधावर उभा राहिला असता तर मका कुठला ते त्याला दिसलं असतं.

रानजाई :
आणि दुसरा शब्द राहिलाच. 'बेगमी' कसा वाटतो? पावसाळ्याची बेगमी, तशी वादळाची.

मोडीवाचक :
शब्द झकास, पण बेगमी घरात असते. डबा उघडला की हाताला लागते. सरकारने स्वतःचा राखीव निधी ठेवला असेल तर बेगमी म्हणा. रोख्यांतला पैसा अटीत अडकलेला. आणि जागतिक बँकेकडून आधीच मंजूर करून घेतलेलं कर्ज, २००८ मध्ये कोस्टा रिकाने पहिल्यांदा घेतलं तसं, ते तर शेवटी फेडायचंच आहे. सगळ्यांना मिळून 'आगाऊ तरतूद' चालेल.

शंकेखोर :
ठरलं मग. मथळ्यात 'आगाऊ तरतूद', राखीव निधीच्या परिच्छेदात 'बेगमी'. 'ट्रिगर' पहिल्यांदा येईल तिथे 'प्रमाणक' लिहिते, आणि 'कळ' दुष्काळापुरती ठेवते. बेरिलच्या उपशीर्षकात 'निकषात न बसलेलं वादळ'.

रानजाई :
हे उपशीर्षक मथळ्याला घ्या की!