फेब्रुवारीत हिरवळीवर पाणपक्ष्यांचा वाढदिवस : घरीच सजावट करायची आहे, मार्गदर्शन हवे

गोदाकाठ

नमस्कार. आमच्या मुलीला फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सहा वर्षे पूर्ण होत आहेत. यंदा हिवाळ्यात आम्ही तिला नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात नेले होते. तेव्हापासून घरात बदके आणि बगळे यांखेरीज दुसरा विषय नाही आणि वाढदिवसही ‘तिथल्या पक्ष्यांचाच’ हवा, असा तिचा आग्रह आहे. सजावट करून देणाऱ्या एकाकडे चौकशी केली, तेव्हा त्यांनी सिंह-जिराफांची तयार कमान आणि मागे छापील पडदा असे सुचवले. त्यात पक्षी एकच होता आणि तोही पोपट. त्यामुळे सर्व काही घरीच करावे, असे आम्ही ठरवले आहे.

जागा इंदिरानगर भागातल्या आमच्या सोसायटीच्या मागची. हिरवळीचा लांबट तुकडा आहे, एका टोकाला आंब्याचे मोठे झाड आहे आणि पश्चिमेला कुंपणाची पक्की भिंत आहे. शनिवारी दुपारी चार ते सात या वेळेत ती वापरण्याची परवानगी मिळाली आहे. चार ते नऊ वयाची वीसेक मुले आणि त्यांचे पालक येतील. कागदाची सजावट उघड्यावरच्या वाऱ्यात टिकते का, कोणते पक्षी केले म्हणजे मुलांना ते ओळखू येतील, आणि तीन तास मुलांना कशात गुंतवावे, या तीन गोष्टींबाबत अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

काटेसावर

गोदाकाठ ताई, कागद टिकतो, परंतु तो कोठे आणि कसा लावला जातो यावर सारे अवलंबून असते. आपल्याकडे फेब्रुवारीत दुपारनंतर वारा सुटतो आणि मोठा सपाट पुठ्ठा उघड्यावर उभा केला, की तो वारा धरून आडवा होतो. म्हणून जे मोठे आहे ते भिंतीलगत ठेवावे. मधल्या मोकळ्या जागेत काही लावायचेच असेल, तर वाऱ्याला अडवणार नाहीत अशा अरुंद पट्ट्या सोडाव्यात.

मोठी वस्तू एकच करा, पण ती मनापासून करा. माझ्या मते ती रोहित पक्ष्याची (फ्लेमिंगोची) असावी. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घरगुती उपकरणांच्या दुकानात मागितला, तर बहुधा मिळतो. त्याचे एकाच आकाराचे दोन तुकडे कापून, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील अशा रीतीने ते एकमेकांवर चिकटवले, म्हणजे मान वाकत नाही. पायांसाठी बांबूच्या कामट्या घ्याव्यात आणि त्या निदान वीतभर जमिनीत जाव्यात. यासाठी आदल्या दिवशी सकाळी हिरवळीला भरपूर पाणी द्यायला सांगा, म्हणजे माती मऊ होईल. समारंभाच्या दिवशी मात्र पाणी अजिबात नको, कारण ओल लागली की पतंगाच्या कागदाचा रंग उतरतो आणि मुलांच्या कपड्यांना लागतो.

पिसांसाठी पतंगाचाच कागद घ्यावा, असे मी आवर्जून सांगेन. संक्रांत उरकल्यावर मेनरोड आणि रविवार कारंजा परिसरातील दुकानांत गुलाबी, केशरी, पांढरे ताव विचारून पाहा. तळहाताएवढ्या अर्धगोल चकत्या कापा आणि खालच्या ओळीपासून सुरुवात करून, छपरावर कौले शाकारतात तशा एकीवर एक चढवत वर जा. खळ फक्त वरच्या कडेला लावावी आणि खालची कड मोकळी सोडावी. वाऱ्याची झुळूक आली, की सगळी पिसे एकदम थरारतात आणि पक्षी नुकताच अंग झाडतो आहे असे वाटते. ज्या वाऱ्याची आपल्याला भीती वाटते, तोच येथे उपयोगी पडतो. खळ साध्या मैद्याची करावी. कीड लागू नये म्हणून काही जण तिच्यात मोरचूद घालतात, परंतु ते विषारी असल्याने मुलांचे हात लागणार असतील तेथे ते टाळलेच पाहिजे. चकत्या कापण्याचे काम मुलीला आणि तिच्या दोन-तीन मैत्रिणींना द्या. कडा वाकड्या आल्या तरी ओळी एकीवर एक आल्यावर ते दिसत नाही.

आंब्याच्या झाडाविषयी एक सूचना करते. त्या सुमारास झाड मोहोरलेले असेल. मोहोराच्या डहाळ्यांना काहीही बांधू नये, कारण हलवल्याने मोहोर गळतो आणि त्यावर माश्या-मधमाश्याही असतात. खालच्या जाड फांदीला जुन्या सुती साडीच्या पट्टीने दोरी बांधावी. खिळा ठोकू नये. त्या दोरीवर काथ्या आणि सुतळीची, सुगरणीच्या खोप्यासारखी लांबट घरटी टांगता येतील.

पाणकावळा

मुलीची आवड ऐकून फार आनंद झाला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली नांदूरमध्यमेश्वरची पाणथळ जागा 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेल्याचे जाहीर झाले आणि महाराष्ट्रातील ती पहिलीच ठरली. नाशिकच्या मुलांना सिंह-जिराफांची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

काटेसावर यांनी सुचवलेला रोहित योग्यच आहे, फक्त चोच नीट काढावी. ती सरळ नसते, मध्यभागी खाली वळलेली असते आणि टोकाला काळी असते. त्याचा गुलाबी रंग खाद्यातील रंगद्रव्यांमुळे येतो, हे मुलांना सांगितले, तर केकवरचा रंग खाऊन आपणही गुलाबी होऊ का, हा प्रश्न हमखास येईल. उरलेले पक्षी लहान आणि ठळक खुणांचे निवडावेत : पिवळ्या टोकाच्या चोचीचे हळदी-कुंकू बदक, निळा-जांभळा रंग आणि लाल कपाळ असलेली जांभळी पाणकोंबडी, लांबच लांब बोटांचा कमळपक्षी आणि फावड्यासारख्या चोचीचा थापट्या. कोणी सुगरणीचा खरा खोपा तोडून आणून देऊ लागला, तर घेऊ नका. काथ्याचाच बरा.

खेळही याच पक्ष्यांमधून निघतात. कमळपक्षी पसरट बोटांमुळे तरंगत्या पानांवरून चालतो. त्यासाठी हिरव्या पुठ्ठ्याची गोल पाने हिरवळीवर पसरावीत आणि मुलांनी पानाबाहेर पाय न टाकता पलीकडे जावे. प्रत्येक फेरीनंतर एक पान उचलावे. मोठ्या मुलांसाठी चोचींचा खेळ अधिक रंगतो. पसरट टबात चार बोटे पाणी घेऊन त्यावर कुरमुरे टाकावेत आणि तळाशी भिजवलेले हरभरे सोडावेत. एकाला चहाची गाळणी, एकाला चिमटा, एकाला चमचा द्यावा. गाळणीवाल्याला कुरमुरे पटापट मिळतात, चिमटेवाला हरभरा नेमका टिपतो आणि कोणत्या चोचीने काय खाता येते हे न शिकवताच कळते. चिमण्या वयाच्या मंडळींसाठी ‘चिमणी उडाली भुर्र’ पुरेसे आहे. त्यात मधूनच ‘म्हैस उडाली’ म्हटले, की काम झाले.

एक मात्र कळकळीने सांगतो. संक्रांतीचा उरलेला मांजा सजावट टांगण्यासाठी वापरू नका. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली आहे आणि सुती असला तरी काच लावलेला दोरा मुलांच्या गळ्याच्या उंचीवर नकोच. आंब्याच्या फांदीत त्याचा तुकडा राहिला, तर संध्याकाळी परतणाऱ्या पाखरांचे पाय त्यातच अडकतात.

गोदाकाठ

आपणा दोघांचे मनापासून आभार. चोचींचा खेळ नक्की ठरला. टबाजवळ सतत एक मोठे माणूस बसेल, अशी व्यवस्था करते. आता अडचण अशी आहे की, सासूबाईंना औक्षण सर्वांसमोर व्हावे असे वाटते, मुलीला थोडे तरी फुगे हवेच आहेत आणि खाण्याचे अजून काहीच ठरलेले नाही.

पंचवटीकर

ताई, वेळेपासून सुरुवात करतो. त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर गारवा वाढतो, डासही येतात. म्हणून चार वाजता खेळ, सव्वापाचला खाणे, पावणेसहाला औक्षण व केक आणि साडेसहाला निरोप असा क्रम ठेवावा. केक आधी कापला, तर मुले खेळायला पुन्हा जमत नाहीत.

औक्षण सर्वांसमोर जरूर करा, फक्त भिंतीच्या आडोशाला, रोहित पक्ष्याच्या पुढ्यात पाट मांडून करा. निरांजनात वात जरा जाड घ्यावी आणि तूप थिजलेले नसावे. मेणबत्त्या वाऱ्याने मुलीच्या आधीच विझतील, त्यामुळे केकवर एकच जाड मेणबत्ती बरी. मेणबत्ती पेटवायच्या वेळी फुगे जवळ नकोत. गॅसचे फुगे तर आणूच नयेत, कारण त्यांत बऱ्याचदा हायड्रोजन असतो आणि तो पेट घेतो. साधे, तोंडाने फुगवलेले फुगे चालतील, परंतु ते भिंतीवर उंच लावावेत आणि फुटलेल्याचे तुकडे लगेच उचलावेत. लहान मुलांच्या घशात ते अडकतात. फुग्यांच्या प्लॅस्टिक काड्या, सजावटीचे थर्मोकोल आणि प्लॅस्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर 1 जुलै 2022 पासून बंदीच आहे. पळसाचे द्रोण आणि पत्रावळी आणल्या, तर पाणवठ्याच्या सजावटीला त्या शोभतीलही.

सजावटीबाबत मी काटेसावर ताईंपेक्षा थोडे वेगळे सांगेन. रोहित आणि पिसे यांतच तुमच्या संध्याकाळी जातील, तेव्हा घरट्यांचा नाद सोडावा. आंबा मोहोरलेला असेल, तर त्याला आणखी सजवण्याची काय गरज आहे?

खाण्यात ओली भेळ द्रोणातून द्यावी, तिखट चटणी वेगळी ठेवावी. भाजलेल्या कणसांचे तुकडे मुलांना हातात धरता येतात. द्राक्षांचा हंगाम असल्याने ती हवीतच, मात्र चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी प्रत्येक मणी उभा चिरून द्यावा. अख्खा मणी घशात अडकू शकतो. मिसळीचा मोह पालकांपुरता ठेवा. तीही हिरवळीवर नको, रस्सा सांडला की सोसायटीची पुढची परवानगी गेली.

काटेसावर

पंचवटीकरांचे घरट्यांबाबतचे म्हणणे मान्य आहे. त्या वेळेत परतीच्या भेटींची तयारी करा. कुंभाराकडून मातीचे लहान परळ (पसरट भांडी) घ्यावेत आणि मुलांनी खेळांच्या मधल्या वेळात त्यांवर गेरू व खडूच्या भुकटीने बाहेरून एकेक पक्षी रंगवावा. आतून रंग लावू नये. पुढे उन्हाळाच आहे, त्यात पाखरांसाठी पाणी ठेवता येईल. परळ आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवावेत आणि सकाळी सावलीत पूर्ण वाळवावेत, म्हणजे भट्टीची राख धुतली जाते आणि रंगही पोपडे न धरता बसतो. सोबत एक चिठ्ठी द्यावी : पाणी रोज बदलावे, परळ सावलीत आणि मांजराची झेप पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा.