प्लाय-फायबरच्या होडीला क्लीट आणि वल्ह्यांचे आकडे कसे बसवावेत?

नवखा_नावाडी
सहा महिने खपून १२ फुटी होडी उभी केली. ६ मिमी प्लाय, बाहेरून फायबरचं कापड नि इपॉक्सी, आतून नुसती इपॉक्सी. आता काठावर वल्ह्यांचे आकडे, नाळेवर (पुढच्या टोकाला) दोरी बांधायचं क्लीट आणि तळाला घासपट्टी लावायची आहे. इतक्या गुळगुळीत अंगात ड्रिल घालायला हात धजत नाही. सिलिकॉन लावून सरळ स्क्रू मारले तर चालेल?

रंधा
नका. मी पहिल्या होडीत हेच केलं. दुसऱ्या वर्षी क्लीट हातात आलं, मागे ओला भुसा! स्क्रूच्या भोकातून प्लायच्या थरांच्या कडा पाणी ओढतात, आणि वरून फायबर असल्यामुळे ते सुकत नाही. बाहेरून सगळं चकचकीत, आतून कुजलेलं.

६ मिमीचा बोल्ट असेल तर भोक १० मिमीचं पाडा. खालून चिकटपट्टी लावा. आधी पातळ इपॉक्सी आतल्या कडांना पाजा, मग सिलिकाची पूड घालून घट्ट केलेली इपॉक्सी ठासून भरा. कडक झाली की बरोबर मधोमध ६ मिमीचं भोक. बोल्ट आता लाकडातून जातच नाही, इपॉक्सीच्या नळीतून जातो. पुढेमागे सीलंट गळालं तरी प्लाय कोरडा. भरायला मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची पूड) वापरू नका, ते हलकं पण ठिसूळ. घासून सपाट करायच्या पुट्टीलाच ठीक.

खारं_पाणी
वरच्याशी सहमत, भर एवढीच की नुसत्या ६ मिमी प्लायवर क्लीट टिकणार नाही. आतून १२ मिमी प्लायचा ठोकळा इपॉक्सीने चिकटवा आणि मोठे वॉशर घाला. समुद्रात जाणार असाल तर ३१६ नंबरचं स्टेनलेस स्टील. पितळेचे स्क्रू खाऱ्या पाण्यात टाळा, जस्त निघून जातं आणि स्क्रू खडूसारखा तुटतो. सीलंट पॉलिसल्फाइड किंवा ब्यूटिल टेप. सिलिकॉनचा अंश राहिला तर त्यावर रंग धरत नाही, हा वेगळाच ताप.

रंधा
घासपट्टीचं राहिलं. पाण्याखाली भोक पाडूच नये, असं माझं मत. पट्टी इपॉक्सीने चिकटवा. पण आधी जुन्या इपॉक्सीवरचा मेणचट थर साध्या पाण्याने घासून धुवा, *मग* ८० नंबरच्या पेपरने घासा. उलट केलंत तर तो थर ओरखड्यांत जाऊन बसतो. आणि उरलेली पॉलिस्टर रेझिन खपवायला जाऊ नका, इपॉक्सीवर ती नीट धरत नाही.

नवखा_नावाडी
आभार. कबुली द्यायची तर नाळेवर दोन स्क्रू कालच मारून बसलोय...

खारं_पाणी
आजच काढा. पाणी लागलं नसेल तर तीच भोकं मोठी करून भरा. आणि यापुढे स्क्रू इपॉक्सीत अडकला तर जोर लावू नका, डोक्यावर तापलेलं सोल्डरिंग आयर्न थोडा वेळ टेकवा, सुटतो.