मदत हवी आहे: शेवाळ न मारता तेल काढायचंय, सॉल्व्हंट (तेल विरघळवून घेणारा द्रव) कुठलं वापरू? (सांगली)

मंडळी नमस्कार, सांगलीत एमएस्सी करतेय आणि प्रोजेक्टला बोट्रिओकॉकस ब्रॉनी घेतलंय. हे हिरवं शेवाळ हायड्रोकार्बन, म्हणजे तेल बनवतं आणि त्यातला बहुतेक माल पेशीच्या आत नाही तर कॉलनी ज्या चिकट मॅट्रिक्समध्ये धरून असते त्यात बाहेरच साठवतं, त्यामुळे पेशी न फोडता परत परत तेल काढता येतं, मिल्किंग म्हणतात त्याला. माझ्या दृष्टीने तोच खरा मार्ग आहे कारण हे वाढतं फार सावकाश, दुप्पट व्हायलाच आठवडाभर घेतं, मारून तेल काढलं की सगळं पहिल्यापासून.

माझं कल्चर (वाढवलेलं शेवाळ) बी रेसचं, म्हणजे बोट्रिओकॉक्सीन नावाचं हायड्रोकार्बन देणाऱ्या प्रकारचं. आता अडचण. हेक्झेनने तेल छान येतं पण कॉलन्या पिवळट पडतात आणि नंतर वाढतच नाहीत. डोडेकेनने कॉलन्या हिरव्यागार राहतात, त्याचा लॉग पी (पाण्यापेक्षा तेलात किती विरघळतं याचं माप) ६ च्या वर असल्यामुळे ते पेशीच्या पडद्यात फार शिरत नाही, पण उकळबिंदू २१६ अंश! आमच्या रोटरी इव्हॅपोरेटरवर (सॉल्व्हंट उडवायचं यंत्र) ते उडत नाही, मग तेल वेगळं कसं करू? शिवाय ओल्या कल्चरमधून तेल कमीच सुटतं, कॉलनीभोवतीचं पॉलिसॅकराइड (साखरेच्या साखळ्यांचं आवरण) सॉल्व्हंटला जवळ येऊ देत नाही, आणि गरम करून ते काढलं तर पेशी मरतात. कुणी केलंय का हे? प्लीज सांगा, मनापासून करायचंय हे काम.

शेवाळप्रेमी: ताई, हेप्टेन बघा. उकळबिंदू ९८ अंश, सहज उडतं, आणि ऑस्ट्रेलियात पर्थच्या मर्डॉक विद्यापीठात याच शेवाळाचं मिल्किंग हेप्टेनने केलंय. सगळा खेळ वेळेचा आहे, पंधरा-वीस मिनिटंच ठेवा, रात्रभर अजिबात नको. शेकर हळू, जोरात हलवलं तर इमल्शन (पाणी-सॉल्व्हंटचं दुधाळ मिश्रण) होतं आणि थर वेगळे होत नाहीत. हेप्टेन वर तरंगतं, ते सेपरेटिंग फनेलने काढा, मग कल्चरमधून थोडी हवा सोडा म्हणजे राहिलेलं उडून जाईल, नवीन मीडियम (पोषक द्रव) द्या आणि पुढच्या मिल्किंगआधी काही दिवस उजेडात सावरू द्या. सगळं फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणारं कपाट), ज्योत किंवा हॉटप्लेट जवळ नको, लगेच पेट घेतं. आणि नुसत्या हिरव्या रंगावर जाऊ नका, मिल्किंगनंतर ड्राय वेट (शेवाळाचं सुकं वजन) परत वाढतंय का ते बघा, जिवंत असल्याचा तोच पक्का पुरावा. पहिल्या खेपेला तेल भरपूर आणि नंतर वजन वाढत नसेल तर ते मिल्किंग नाहीच.

धागाकर्ती: खूप खूप आभार दादा, हेप्टेन मागवते. अजून एक, याला २५ अंशांच्या आसपास बरं वाटतं पण आपल्याकडे एप्रिलात खोली तापते आणि लाईट गेली की एसी बंद, मग मिल्किंग थंडीपर्यंत थांबवू की फ्लास्क पाण्याच्या टबात ठेवून चालेल?

शेवाळप्रेमी: टब चालेल, पाण्यात थर्मामीटर ठेवा. पण तापलेल्या दिवसात मिल्किंग करू नका, दोन्ही ताण एकदम नकोत.